फौजेच्या पुढे जाणारी गाडी

युद्धाचे वर्णन वाचताना वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे प्रथम उभ्या राहतात त्या तोफा, रणगाड्यांच्या रांगा आणि चालून जाणारी पायदळाची फळी. परंतु ज्या सेनापतीच्या हुकुमाने ही सारी यंत्रणा हलते, त्याला रात्रंदिवस छळणारे प्रश्न निराळेच असतात. समोरच्या टेकडीपलीकडे शत्रू आहे काय, असल्यास किती बळाने आहे, ओढ्यावरील पूल शाबूत आहे की उडवून दिलेला आहे, आणि शाबूत असला तरी पन्नास टनांचा रणगाडा त्यावरून पार होईल काय, या गोष्टी ठाऊक असल्यावाचून केलेला कोणताही मनसुबा अंधारात मारलेली उडीच ठरते. मराठी वाचकाला हे तत्त्व नव्याने सांगण्याचे कारण नाही. बहिर्जी नाईकांचे नाव आपल्याकडे आजही आदराने घेतले जाते ते त्यांनी मारलेल्या शत्रूंच्या संख्येमुळे नव्हे, आणि मराठ्यांच्या लष्करात बिनीच्या पथकाला मान होता तोही त्याच्या नजरेवर मागच्या सगळ्या फौजेचा भरवसा असे म्हणून.

हे काम शतकानुशतके घोडेस्वाराने केले. पहिल्या महायुद्धात यंत्रतोफा आणि काटेरी तारांपुढे घोडा निरुपयोगी ठरला, तरी पुढे जाऊन पाहण्याची गरज संपली नाही. ती लोखंडी गाडीवर आली. चाकांची गाडी शांत चाले, सडकेवर वेगाने धावे आणि तिची देखभालही स्वस्तात होई; पट्ट्यांची गाडी आवाज करी, तिचे पट्टे झिजत, परंतु सडक सोडून नांगरलेल्या शेतात, वाळूत वा दलदलीत शिरण्याचे धैर्य तिच्याच अंगी होते. चाके की पट्टे हा वाद घोडदळाच्या वारसदार पलटणींत अनेक दशके चालला, आणि त्यात कोणाचा सर्वस्वी जय झाला असे म्हणवत नाही. मात्र पट्ट्यांच्या पक्षाने निर्माण केलेली एक गाडी मला या साऱ्या वर्गाची उत्तम प्रतिनिधी वाटते. ती म्हणजे ब्रिटनच्या कॉव्हेंट्री शहरातील अल्विस कारखान्यात बनलेली स्कॉर्पियन आणि तिची धाकटी बहीण सिमिटार.

या गाडीचा जन्म १९६०-७० या दशकातील ब्रिटनच्या राजकीय परिस्थितीतून झाला. साम्राज्य आटोपत होते, तरी दूरदूरच्या मुलखांतील जबाबदाऱ्या पुरत्या सुटल्या नव्हत्या; ठाणी कमी करावयाची आणि प्रसंग पडल्यास मायदेशातून विमानाने फौज धाडावयाची, असे धोरण आकार घेत होते. विमानात बसेल एवढी हलकी, तरी सैनिकांचे गोळीपासून रक्षण करील एवढी भक्कम, आणि शत्रूच्या चिलखती गाडीला उत्तर देईल एवढी सशस्त्र अशी गाडी लष्कराला हवी होती. आरंभी एकाच गाडीत सारे गुण कोंबण्याचा प्रयत्न झाला; तोफ, क्षेपणास्त्रे, अधिक सैनिक हे सगळे एका ठिकाणी घालताच गाडी इतकी जड होई की ती विमानातून नेण्याचा मूळ हेतूच बुडे. तेव्हा रचनाकारांनी शहाणपणाचा मार्ग धरला. त्यांनी एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या कामांच्या गाड्यांचे कुटुंब कल्पिले: तोफेची स्कॉर्पियन, जलद मारा करणाऱ्या लहान तोफेची सिमिटार, क्षेपणास्त्रांची स्ट्रायकर, सैनिक वाहणारी स्पार्टन, जखमींसाठी समॅरिटन, अधिकाऱ्यांच्या कामकाजासाठी सुलतान आणि अडकलेली गाडी ओढून काढण्यासाठी सॅमसन. १९६७ साली अल्विसला नमुन्याच्या गाड्यांचा मक्ता मिळाला, १९६९ च्या आरंभी पहिला नमुना तयार झाला, पुढे बेल्जियमही या योजनेत भागीदार झाला, आणि १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच गाड्या पलटणींकडे जाऊ लागल्या.

आठ टनांच्या या गाडीचे प्रत्येक अंग काही तरी सोडून देऊन मिळवलेले आहे, आणि अभ्यासकाने तिच्याकडे पाहावे ते याच दृष्टीने. तिचे कवच पोलादाचे नसून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे. पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश घनतेचा हा धातू गोळी अडविण्यासाठी अर्थातच अधिक जाड घ्यावा लागतो, त्यामुळे केवळ गोळी अडविण्याच्या हिशेबात वजनाची बचत वाटते तेवढी होत नाही. खरी बचत होते ती निराळ्याच ठिकाणी. जाड पत्रा आपोआप ताठ राहतो, म्हणून आतून आधार देणारा लोखंडी सांगाडा पुष्कळसा गाळता येतो. एवढे करून हे कवच समोरून जड यंत्रतोफेची आणि चोहोबाजूंनी रायफलीची गोळी थोपवी. रणगाड्याच्या गोळ्यापुढे मात्र ते कागदासारखे होते, आणि हे आत बसणाऱ्या तिघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक असे.

गाडीची रुंदी सव्वादोन मीटरांच्या आत ठेवलेली होती. मलायातील रबराच्या मळ्यांत झाडांच्या रांगांमधून ती जावी म्हणून हे बंधन घातले गेले, असे सांगतात. एवढ्या अरुंद अंगात चालक आणि यंत्र शेजारीशेजारी बसवावयाचे, तर यंत्र आटोपशीर हवे. म्हणून जॅग्वार मोटारीचे ४.२ लिटरचे पेट्रोल इंजिन घेतले गेले, आणि लष्करी पेट्रोलवर ते निर्वेध चालावे यासाठी त्याची शक्ती मुद्दाम उतरवून १९० अश्वशक्तीच्या आसपास आणली गेली. तरीही ही गाडी ताशी ८० किलोमीटरांचा वेग सहज गाठी; याच कुळातील एका गाडीने २००२ साली चर्ट्सी येथील चाचणीमार्गावर ताशी ८२ किलोमीटरांहून थोडा अधिक वेग गाठून सर्वांत वेगवान रणगाड्याचा विक्रम केला.

वेगाहूनही मोलाचा गुण होता तो जमिनीवरील दाबाचा. दोन पट्टे, प्रत्येकाची रुंदी सुमारे ४३ सेंटिमीटर, आणि जमिनीला टेकणारी लांबी पावणेतीन मीटरांच्या जवळपास. हा हिशेब मांडला म्हणजे आठ टनांचे ओझे साऱ्या क्षेत्रफळावर वाटले जाऊन दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३५० ग्रॅम भार पडतो. चालणाऱ्या माणसाचे सारे वजन क्षणभर एकाच पावलावर येते, तेव्हा त्या पावलाखालचा दाब याहून अधिक असतो. म्हणजे ज्या चिखलात पायदळाचा शिपाई घोट्यापर्यंत रुतेल, त्याच चिखलावरून ही गाडी त्याच्या शेजारून निघून जाऊ शके. या आकड्याची परीक्षा कोठे व्हावयाची होती, हे रचनाकारांच्या स्वप्नातही नसावे.

त्या परीक्षेकडे वळण्यापूर्वी ही गाडी आपले मुख्य काम कसे करते ते पाहिले पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज फार. तोफ आणि बुरूज पाहून लोक तिला लहान रणगाडा समजतात. वस्तुतः तिची तोफ ही बहुधा निसटून जाण्यासाठी असते. टेहळणीच्या गाड्या जोडीने चालतात. एक आडोशाला उभी राहून निरखते, दुसरी पुढच्या आडोशापर्यंत जाते, मग भूमिका उलटतात. टेकडीचा माथा आला की गाडी माथ्यावर चढत नाही. अलीकडच्या उतारावर थांबून केवळ बुरुजाची दुर्बीण माथ्यावर येईल इतकीच वर सरकते, म्हणजे पलीकडून पाहणाऱ्याला जमिनीच्या रेषेवर एक बारीक उंचवटा दिसावा. कित्येकदा तेवढेही धोक्याचे वाटते. मग इंजिन बंद करून नायक स्वतः उतरतो आणि दुर्बीण घेऊन पोटावर सरपटत माथ्यापर्यंत जातो. इंजिन बंद झाले म्हणजे कान उघडतात, आणि रात्रीच्या वेळी दूरच्या पट्ट्यांची खडखड डोळ्यांआधी कानालाच कळते. गाडीत माणसे तीनच: चालक, तोफची आणि नायक, आणि नायकालाच तोफेत गोळा भरणे, नकाशा पाहणे, बिनतारी यंत्रावर बोलणे व हुकूम देणे ही सारी कामे एका वेळी सांभाळावी लागतात. त्या बिनतारी यंत्रावरून मागे गेलेले दोन स्पष्ट वाक्यांचे वृत्त, अमुक ठिकाणी अमुक इतके रणगाडे अमुक दिशेने, हीच या गाडीची खरी कमाई. तिने उडविलेल्या गोळ्यांची नोंद इतिहासकार आवर्जून करतात. तिने वेळीच पाहिल्यामुळे जी फौज सापळ्यात शिरली नाही, त्या न घडलेल्या संहाराची नोंद कोठल्याच दप्तरात होत नाही. या वर्गाच्या गाड्यांवर इतिहासाने थोडा अन्यायच केला आहे, असे मला मनापासून वाटते.

आता ती परीक्षा. १९८२ च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटे ताब्यात घेतली आणि ब्रिटनने सुमारे तेरा हजार किलोमीटरांवरून मोहीम धाडली. त्या बेटांवर झाड म्हणून नाही. जिकडे पाहावे तिकडे ओली, काळी, स्पंजासारखी दबणारी पीटची जमीन आणि तिच्यामधून पसरलेल्या दगडांच्या नद्या. अशा भूमीवर पट्ट्यांच्या गाड्या चालणार नाहीत असा अनेकांचा समज होता, म्हणून ब्लूज अँड रॉयल्स या जुन्या घोडदळी पलटणीच्या दोनच तुकड्या धाडल्या गेल्या: चार स्कॉर्पियन, चार सिमिटार, आणि दुरुस्तीसाठी एक सॅमसन. २१ मे रोजी सॅन कार्लोस येथे फौज उतरली. चार दिवसांनी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे मालवाहू जहाज क्षेपणास्त्राने जळाले आणि त्याच्यासोबत जड हेलिकॉप्टरेही गेली. एक तेवढे बचावले. ज्या पायदळाला हवेतून पुढे न्यावयाचे होते, त्याला पाठीवर ओझी घेऊन बेट ओलांडावे लागले. त्या चिखलातून या आठ गाड्या मात्र चालल्या, रुतल्या तर एकमेकींना ओढून काढीत चालल्या, आणि ज्या वाटेचा अंदाज वरिष्ठांनी भीतभीत बांधला होता ती त्यांनी अपेक्षेहून पुष्कळच लवकर कापली.

याच्या उलट चित्र शत्रूच्या बाजूस होते. अर्जेंटिनाने पॅनहार्ड जातीच्या बारा चिलखती गाड्या बेटावर आणल्या होत्या. ९० मिलिमीटरच्या तोफांमुळे कागदावर त्या स्कॉर्पियनपेक्षा बलवान ठरत. परंतु त्या चाकांच्या होत्या, सडक सोडताच रुतत, आणि म्हणून सारे युद्ध त्यांनी पोर्ट स्टॅन्लीच्या थोड्याशा पक्क्या रस्त्यांपाशी काढले. जी तोफ रणभूमीवर पोहोचतच नाही, तिचा व्यास मोजून काय उपयोग?

जूनच्या १३ तारखेच्या रात्री राजधानीभोवतालच्या अखेरच्या टेकड्यांवर हल्ला झाला. वायरलेस रिज या कड्यावर पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण चढली, तेव्हा एका तुकडीच्या गाड्या तिच्या पाठीशी होत्या. हीच पलटण मेअखेरीस गूज ग्रीन येथे अशा कोणत्याही गाड्यांवाचून उघड्या माळावर लढली होती आणि तिथे तिचा सेनाधिकारी धरून अनेक जवान पडले होते. या वेळी तोफखान्याचा व आरमाराचा भरपूर मारा मिळाला, आणि त्याच्या जोडीला गाड्यांच्या दुर्बिणींनी, अंधूक तारकाप्रकाश अनेक पटींनी वाढवून दाखविणाऱ्या त्या यंत्रांनी, अंधारातले मोर्चे हेरून त्यांवर ३० व ७६ मिलिमीटरचे गोळे टाकले. पलटणीचे तीन सैनिक कामी आले. अशा हल्ल्याच्या मानाने ही हानी अल्पच. त्याच रात्री दुसरी तुकडी टंबलडाउन डोंगराच्या दक्षिणेस शत्रूचे लक्ष वेधण्याच्या कामावर होती. तिच्यातील एक स्कॉर्पियन सुरुंगावर जाऊन निकामी झाली, तरी आतील तिघेही वाचले. दुसऱ्या दिवशी शरणागती झाली. या साऱ्या प्रसंगात गाडीचे खरे काम, टेहळणी, फार थोडे झाले आणि पायदळाला तोफेचा आधार देण्याचे परके काम अधिक झाले, हे मान्य करावयास हवे. पण ते काम करण्यासाठी तिथवर पोहोचण्याची पात्रता तिला दिली ती टेहळणीसाठी पत्करलेल्या हलकेपणानेच.

हलकेपणाची किंमतही मोजावी लागली. ॲल्युमिनियमच्या कवचात काही वर्षांनी ताणामुळे व गंजामुळे बारीक चिरा पडू लागल्या आणि त्यांवर उपाय करावे लागले. स्कॉर्पियनची तोफ डागली की बुरुजात विषारी धूर साचे. ब्रिटनने ती गाडी सिमिटारच्या कितीतरी आधी सेवेतून काढली. पेट्रोलच्या जागी पुढे डिझेल इंजिने बसविली. इराकमध्ये २००३ च्या मार्चअखेरीस बसराच्या उत्तरेस आघाडीवर असलेल्या सिमिटार गाड्यांवर दोस्त अमेरिकन विमानांनीच हल्ला केला. ओळखीसाठी लावलेले नारिंगी फलक वैमानिकांना अग्निबाणांसारखे भासले आणि एक ब्रिटिश सैनिक प्राणास मुकला. फौजेच्या पुढे जाणाऱ्याला समोरच्या शत्रूइतकेच पाठीमागच्या मित्राचेही भय असते, हे कटू सत्य त्या घटनेत आहे. पुढे अफगाणिस्तानात रस्त्याखाली पेरलेल्या स्फोटकांनी पातळ तळाची परीक्षा घेतली. जाळ्या, पत्रे आणि नवा तळ चढवता चढवता मूळची आठ टनांची गाडी बारा टनांच्या घरात गेली.

टेहळणी कशी करावी याविषयी जगातील लष्करांत दोन पंथ दिसतात. एक म्हणतो, लपूनछपून पाहावे, गोळी न झाडता परत यावे. दुसरा, विशेषतः अमेरिकन, म्हणतो की कसलेला शत्रू आपण होऊन दर्शन देत नाही. त्याला हिसका देऊन, लढाई जुंपूनच त्याची ठाणी उघडी पाडावी लागतात, म्हणून टेहळणीच्या रिसाल्यात जड रणगाडेही असावेत. १९९१ च्या फेब्रुवारीत इराकच्या वाळवंटात अमेरिकेच्या दुसऱ्या आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंटने रिपब्लिकन गार्डच्या चिलखती फळीची जी धूळधाण केली, तो या दुसऱ्या पंथाचा मोठा दाखला. सपाट वाळवंटात तो पटतो; चिखल, डोंगर आणि मोडके पूल यांच्या मुलखात मात्र मी पहिल्याच पंथाकडे झुकतो.

भारताचा अनुभवही हलक्या गाडीच्या पक्षाला पोषक आहे. १९४८ च्या १ नोव्हेंबरला, साडेअकरा हजार फुटांवरील झोजी ला खिंडीत, सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे गरजत शिरले. जम्मूपासूनचे कच्चे पूल तुटू नयेत म्हणून त्यांचे बुरूज उतरवून ते गुपचूप श्रीनगरला आणलेले होते. १९६२ साली चुशूलच्या धावपट्टीवर, चौदा हजार फुटांहून उंच, फ्रेंच बनावटीचे एएमएक्स-१३ रणगाडे विमानाने पोहोचले. जड रणगाड्याला या दोन्ही ठिकाणी जाणे शक्यच नव्हते.

आणि १९७१ चे गरीबपूर. रशियन बनावटीची पीटी-७६ ही मुळात टेहळणीसाठीच घडविलेली, चौदा टनांची, पाण्यावर तरंगणारी गाडी; तुपाचा डबा तरंगावा तशी ती तरंगे म्हणून जवानांनी तिचे नाव ‘पिप्पा’ ठेवले. नद्यानाल्यांनी चिरलेल्या बंगालसाठी तिच्याइतके योग्य वाहन दुसरे नव्हते. युद्धाची औपचारिक घोषणा होण्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, चौदाव्या पंजाब पलटणीबरोबर ४५ कॅव्हलरीच्या चौदा पीटी-७६ बोयरा भागातून सीमा ओलांडून गरीबपूरला ठाण मांडून बसल्या. २१ तारखेच्या पहाटे दाट धुक्यात पाकिस्तानी शॅफी रणगाडे पायदळासह चालून आले. परंतु पुढे गेलेल्या आपल्या गस्तीने त्यांची चाहूल आधीच घेतली होती आणि निरोप पोहोचला होता. पातळ कवचाच्या गाड्या आडोशाला दबा धरून बसल्या, धुक्याने अंतर कमी केले, आणि पाकिस्तानचा तो रणगाड्यांचा स्क्वाड्रन जवळजवळ नाहीसा झाला. आपल्या स्क्वाड्रनचे नायक मेजर दलजितसिंग नारग या लढाईत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. त्या पहाटे गस्तीचा निरोप अर्धा तास उशिरा आला असता, तर त्याच गाड्या, त्याच तोफा आणि तेच शूर जवान असूनही निकाल उलटा लागणे अशक्य नव्हते.

सिमिटार २०२३ साली ब्रिटिश सेवेतून निवृत्त झाली. तिच्या जागी आलेली एजॅक्स चाळीस टनांच्या आसपास आहे. तिच्यावरील संवेदक दूरवरचे पाहतात, तिचे कवचही खरे कवच आहे, परंतु तिच्या आवाजाने व कंपनाने सैनिकांच्या श्रवणशक्तीस अपाय होऊ लागल्याने चाचण्या थांबवाव्या लागल्या, आणि जुन्या गाडीच्या पाचपट वजनाची ही गाडी फॉकलंडच्या पीटवर काय करील, हा प्रश्न मला राहून राहून पडतो. आकाशातून पाहणारे ड्रोन आल्यावर पुढे जाणाऱ्या गाडीची गरजच उरली नाही, असेही म्हटले जाते. ड्रोन पुष्कळ पाहतो. पण पुलाचा कठडा ठोकून पाहणे, उताराची खोली अजमावणे, गावकऱ्याला थांबवून चौकशी करणे, आणि धुके उतरले असता त्याच जागी रात्रभर ठाण मांडून कान देणे ही कामे अजून माणसालाच करावी लागतात, आणि त्या माणसाला तिथवर नेऊन परत आणणारे काही तरी हवे. २०२२ साली युक्रेनमध्ये लोकांनी वर्गणी काढून याच कुळातील जुन्या गाड्या डझनांनी विकत घेतल्या आणि आघाडीवर धाडल्या; त्यांत बहुसंख्य होत्या सैनिक वाहणाऱ्या स्पार्टन, म्हणजे अर्ध्या शतकापूर्वी मलायाच्या मळ्यांसाठी आखलेल्या त्याच अरुंद, आठ टनांच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या.